जुना घडीचा चाकू: घेण्यापासून खिशात ठेवण्यापर्यंत कुठल्या क्रमानं काय करायचं

जुना घडीचा चाकू हातात आला की जवळपास प्रत्येक नवा माणूस एकच करतो, पहिल्यांदा तो चकाकवतो, मग कुठंतरी धार लावून घेतो, मग खिशात टाकून मित्रांना दाखवायला बाहेर पडतो, आणि तेल, गंज, कायदा ह्याचा विचार करतो तो सगळ्यात शेवटी, म्हणजे काहीतरी बिघडल्यावर. हा क्रम बरोब्बर उलटा आहे. चाकू गंजानं मरतो त्यापेक्षा जास्त मालकाच्या घाईनं मरतो, आणि पातं एकदा घासून गेलं की ते परत आणायचा कुठलाही उपाय नाही. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं करा, मधली एखादी गाळू नका.

इथं मी बोलतोय ते साध्या चाकूंबद्दल, नखाच्या खाचेत नख घालून उघडायचे, बहुतेक स्प्रिंगच्या जोरावर उघडे राहणारे. इंग्लंडच्या शेफील्डचे आणि जर्मनीच्या सोलिंगनचे जुने चाकू, केस कंपनीचे अमेरिकन, स्विस व्हिक्टोरिनॉक्स, फ्रेंच ओपिनेल (ह्याला स्प्रिंग नसते), आपल्याकडे आजोबांच्या कपाटात निघतात ते. बटण दाबून फटकन उघडणारे खटक्याचे चाकू ह्यात धरलेले नाहीत, आणि माझं स्पष्ट मत आहे की नव्या माणसानं त्यांच्या वाटेला जाऊच नये. दिल्लीत तर १९८० पासून ठराविक मापापुढच्या बटणदार चाकूंवर वेगळी अधिसूचनाच आहे.

१. आधी फूटपट्टी आणि कायदा

चाकू घ्यायच्या आधी पात्याची लांबी रुंदी मोजा. शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६ बघितले तर ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचा चाकू शस्त्र म्हणून धरला जातो, अपवाद फक्त घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या हत्यारांचा. आपले खिशातले चाकू ह्याच्या लई खाली असतात, ओपिनेलच्या ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर आहे, म्हणून लोकांना वाटतं विषय मिटला.

मिटत नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात, सण असला, निवडणूक असली, आंदोलन असलं की असे आदेश निघतात, आणि त्या कलमात तलवारी भाल्यांबरोबर चाकू आणि काठी हे शब्द सरळ लिहिलेले आहेत. तिथं पातं किती इंच हा प्रश्नच येत नाही. गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती ह्या दिवसांत पेपरातली बातमी बघायची सवय लावा आणि आदेश लागू असेल तर चाकू कपाटातच राहू दे, कितीही छोटा असला तरी.

सावधान: "स्वसंरक्षणासाठी ठेवलाय" हे वाक्य डोक्यातसुद्धा आणू नका. चाकू फळ कापायला, सुतळी तोडायला, पार्सल उघडायला असतो. ज्याला भांडणासाठी चाकू हवाय त्याच्यासाठी हा लेख नाही.

अजून एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते, मुठीची. जुन्या शेफील्ड चाकूंच्या खडबडीत तपकिरी मुठी पुष्कळदा आपल्याच सांबराच्या शिंगाच्या असतात आणि काही गुळगुळीत पांढऱ्या मुठी हस्तिदंताच्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळं अशा वस्तूंची खरेदी विक्री हा गंभीर मामला आहे. विकणारा "ओरिजनल सांबरशिंग" म्हणून भाव वाढवून सांगत असेल तर तिथनं निघा. म्हशीचं शिंग, हाड, लाकूड ह्या मुठी पुरेशा देखण्या असतात.

२. घेताना तपासणी, पैसे द्यायच्या आधी

बाजारात चाकू हातात घेतला की आपण पहिल्यांदा धार बघतो. धार सगळ्यात शेवटी बघायची, कारण ती लावता येते, बाकीचं बदलता येत नाही.

आधी बंद चाकू उजेडासमोर धरा आणि वरून आत बघा, पातं मधोमध बसलंय की एका पितळी पट्टीला घासतंय. मग टोक. बंद अवस्थेत टोक मुठीच्या आत बुडालेलं पाहिजे. हे बोटानं तपासू नका, रुमालाचा कोपरा वरून फिरवा, अडकला तर टोक वर आलंय, म्हणजे पातं इतकं घासलंय की त्याची बैठक बदलली, आणि असा चाकू खिशात हात घातला की कापणार.

मग हळू उघडा. अर्ध्यावर थांबणारा असेल तर तिथं ठाम थांबला पाहिजे, आणि पूर्ण उघडताना शेवटी स्प्रिंगनं पातं स्वतःकडं ओढून घेतलं पाहिजे, त्याचा एक कोरडा टक् आवाज येतो. तो आवाज मवाळ आला तर दोन शक्यता, आत घाण बसलीय किंवा स्प्रिंग थकलीय. घाण निघते, थकलेली स्प्रिंग परत जोर धरत नाही. पूर्ण उघडून पात्याची पाठ चिमटीत धरून डावीउजवीकडं हलवा, जराशी हालचाल चालेल, खटखट वाजत असेल तर पातं जिच्यावर फिरतं ती पिन सैल आहे.

शेवटी शिक्का. पातं मुठीत जातं तिथं, बुडाशी, कंपनीचा शिक्का असतो. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा तारा आणि क्रूस नक्कल करणाऱ्यांनी खूप वापरलाय, त्यामुळं नुसतं चिन्ह दिसलं म्हणून खूश होऊ नका, अक्षरांच्या कडा बघा, स्पेलिंग नीट वाचा. केसच्या चाकूंवर १९७० पासून शिक्क्याखाली टिंबं असायची आणि दरवर्षी एक कमी व्हायचं, तेवढ्यावरून वर्ष काढता येतं. शिक्का वाचता येत नसेल इतका घासला असेल तर तो चाकू वापरायला घ्या, संग्रहाचा भाव देऊ नका.

तपासा: नखाची खाच धारेच्या किती जवळ आलीय? खाच आणि धार ह्यांच्यात बरीच जागा असायची तिथं आता जेमतेमच उरली असेल तर पात्याचं आयुष्य आधीच्या मालकानं संपवलंय.

३. साफसफाई, आणि हे करताना चकाकी विसरा

लागणारं सामान घरातलंच: जुना मऊ टूथब्रश, बांबूच्या दातकोरण्या, सुती फडकं, कापसाच्या काड्या, साधा डिशवॉश साबण आणि मेडिकलमधून आणलेलं लिक्विड पॅराफिन. तेल म्हणून मी हेच सुचवतो कारण फळ कापलं तरी पोटात जायची भीती नाही आणि ते चिकट होत नाही. शिलाई मशीनचं तेल नुसत्या शोकेसमधल्या चाकूला चालेल, खाण्याच्या चाकूला नको. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल अजिबात नको, काही महिन्यांत त्याचा गोंद होतो. खोबरेल २४ अंशाच्या आसपास गोठतं, म्हणजे थंडीत पिनेपाशी घट्ट होऊन बसणार.

क्रम असा ठेवा.

पहिलं कोरडं काम. चाकू उघडा, दातकोरणीनं मुठीच्या आतली खाच टोकापासून बुडापर्यंत उकरा. जुन्या चाकूतनं काय काय निघतं ते बघण्यासारखं असतं, तंबाखूची भुकटी, खिशातला दोरा, वाळलेलं तेल, सगळं एकत्र होऊन काळी डांबरासारखी गाठ बनलेली असते आणि ती पिनेच्या बरोबर खाली असते, म्हणूनच पातं जड चालत असतं. लोखंडी सुई किंवा दाभण घालू नका, पितळेवर ओरखडे उठतात.

दुसरं, पिनेपाशी एकच थेंब तेल, चाकू दहाबारा वेळा हळू उघडा मिटा, फडक्यानं पुसा. काळं तेल निघेल. परत एक थेंब, परत पुसा. तेल स्वच्छ निघेपर्यंत हेच करायचं, कंटाळा करायचा नाही. बहुतेक "बिघडलेले" चाकू इथंच सुटतात.

तिसरं, तरीही जड असेल तरच साबण आणि कोमट पाणी, ते पण हाडाच्या, शिंगाच्या किंवा लाकडी मुठीवर पाणी न जाता, नुसत्या ब्रशनं पिनेपाशी. लगेच पुसायचं, पंख्याखाली उघडा ठेवून पूर्ण वाळवायचा, मगच तेल. ओल असताना वरून तेल घातलं की पाणी आत कोंडतं आणि गंज आतून सुरू होतो, हे पावसाळ्यात तर हमखास.

सावधान: चिंच, लिंबू, पितळेची भांडी घासायची पावडर ह्यातलं काहीही चाकूला लावू नका. भांडं धुवून निघतं, चाकूच्या फटीतली आंबट पावडर निघत नाही आणि पोलाद खात बसते. आणि चाकू कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, बफिंगला (चाकावर चकाकवायला) देणं बंद करा. तिथले कारागीर त्यांच्या कामात पक्के आहेत, पण ते चाक शिक्का, बोल्स्टरच्या (मुठीच्या टोकाच्या धातूच्या भागाच्या) कडा, मुठीचा मूळ पृष्ठभाग सगळं एका मिनिटात गुळगुळीत करतं, आणि संग्रहातल्या चाकूची अर्धी किंमत त्याच कडांत असते.

४. लाल गंज काढा, काळा रंग राहू द्या

इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं. साध्या कार्बन पोलादाचं पातं वापरात करडं, निळसर, काळपट होतं, कैरी कापली की अर्ध्या तासात डाग दिसतो. हा रंग म्हणजे पॅटिना, तो पात्याचं थोडंफार रक्षणच करतो आणि चाकू खरा वापरलेला आहे ह्याची खूण असतो. लाल, नारिंगी, बोटाला भुकटी लागते तो गंज, तो मात्र काढायचा.

काढायचा कसा, तर तेलाचा थेंब गंजावर ठेवून एक रात्र सोडा, सकाळी बांबूच्या काडीच्या चपट्या टोकानं खरवडा. नाही निघाला तर तांब्याचं नाणं किंवा तांब्याच्या तारेचा तुकडा, तांबं पोलादापेक्षा मऊ असतं. अजून नाही निघाला तर सगळ्यात बारीक स्टील वूल, तेल लावून, फक्त त्या ठिपक्यावर, लांबीच्या दिशेनं. पॉलिश पेपर हातात घेतला की थांबायचं कुठं ते कळत नाही, म्हणून घेऊच नका. गंजाखाली खड्डा निघाला तर खड्डा तसाच राहू द्या, तेवढ्यासाठी अख्खं पातं पातळ करण्यात अर्थ नाही.

नव्या चाकूवर मुद्दाम व्हिनेगर लावून काळा करायचा असेल तर तुमची मर्जी, जुन्यावर नको, बघणाऱ्याला लगेच कळतं आणि भाव पडतो.

५. धार, आणि ती स्वतःच लावा

सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडं विळी द्या, कात्री द्या, जुना चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडत असताना धारेचा बारीक भाग झटक्यात तापतो. साध्या पोलादाचं पाणी, म्हणजे तापवून दिलेला कडकपणा, साधारण २०० अंशाच्या आसपास पक्कं केलेलं असतं, धारेवर निळा रंग दिसला म्हणजे ३०० च्या घरात गेलं, म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. मग ती धार दोन पेरू कापले की बसते.

दोन बाजूंचा साधा दगड घ्या, ४०० आणि १००० ग्रिटचा (आकडा मोठा तेवढा दगड बारीक) पुरेसा आहे. पाणी वापरायचं का तेल ते एकदाच ठरवा, एकाच दगडावर दोन्ही नको. पातं दगडावर आडवं ठेवा, पाठ थोडी उचला, १५ ते २० अंश, आणि बुडापासून टोकापर्यंत एका दमात न्या. दाब अगदी कमी. एका बाजूनं घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला नखाला बारीक खरखर लागते, ती पूर्ण लांबीभर आली की बाजू बदला. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलट दिशेनं दहाएक वेळा ओढा, चपलेच्या कारागिराकडचा टाकाऊ तुकडा ह्या कामाला झकास.

तपासा: वर्तमानपत्राचा कागद न फाटता कापला, टोमॅटोच्या सालीवर पातं न घसरता बसलं की झालं. हातावरचे केस काढून दाखवणं गरजेचं नाही. आणि ज्या चाकूवर कारखान्याची मूळ धार शिल्लक आहे, कधी वापरलाच नाही असा, त्याला दगड लावूच नका.

६. कोल्हापूरचा पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडं हवाच ओली असते, मीठ कागदाला चिकटतं, तिथं चाकूला काय होणार. ह्या चार महिन्यांत दर आठवड्याला चाकू बाहेर काढून बघायचे, पात्यावर तेलाचा अगदी पातळ हात, चमक दिसेल इतकाच, थेंब दिसायला नको.

चामड्याच्या म्यानात साठवण करू नका. आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावतात, ते ओलसर झालं की त्यातलं टॅनिन पोलादाला काळं करतं आणि पितळेला हिरवं. पापाची तिकटीला, म्हणजे कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारात, कारागिराकडून सुंदर म्यान शिवून घ्या, बाहेर जाताना वापरा, घरी आलं की चाकू बाहेर आणि म्यान वेगळं. वर्तमानपत्रात गुंडाळणं पण चूक, कागद ओल ओढतो. सुती कापड, त्यावर घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, निळ्या दाण्यांचे गुलाबी झाले की बदला किंवा वाळवा.

ओपिनेलवाल्यांना वेगळी सूचना. लाकडी मूठ पावसात फुगते आणि पातं आत अडकतं, नख तुटेपर्यंत ओढलं तरी येत नाही. पक्कड लावू नका. पात्याच्या बुडाशी फिरणारं लॉकचं कडं उघडं आहे ना बघा आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकंच ठोका, पातं थोडं बाहेर येतं, मग दोन बोटांनी पकडून उघडायचं. मेमध्ये लाकूड कोरडं असतानाच मुठीच्या फटीत आणि पिनेपाशी तेल किंवा मेण मुरवून ठेवलं तर हा त्रास खूप कमी होतो.

सावधान: रंगीबेरंगी, शिंपल्यासारख्या चमकणाऱ्या जुन्या मुठी सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या, असू शकतात. हे मटेरियल जुनं झालं की विघटन होऊन आम्लधर्मी वायू सोडतं आणि शेजारचे चाकूसुद्धा गंजवतं. कापरासारखा वास, मुठीला बारीक तडे, आणि त्याच बाजूचं पातं तेल असूनही गंजतंय, अशी लक्षणं दिसली की तो चाकू बाकीच्यांपासून लांब, हवेशीर जागी ठेवा. गरम सुई टोचून परीक्षा करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

७. जवळ बाळगताना

रोज बरोबर न्यायचा चाकू एकच, साधा, छोटा, संग्रहातला भारी चाकू नाही. पँटच्या खिशापेक्षा बॅगेतल्या पाऊचमध्ये बरा, घामानं मूठ आणि पिन दोन्ही खराब होतात, आणि किल्ल्यांबरोबर तर अजिबात नको.

कुठं न्यायचा नाही हे घरातनं निघताना ठरवा. अंबाबाईच्या दर्शनाला, कलेक्टर ऑफिसला, कोर्टात किंवा सीपीआर रुग्णालयासमोरच्या हायकोर्टाच्या सर्किट बेंचकडं, कुठल्याही मोर्चात मिरवणुकीत, मतदान केंद्रावर, शाळा कॉलेजात नाही. उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळावरून विमान धरणार असाल तर केबिनच्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका. पोलिसांनी बॅग तपासायला घेतली तर स्वतः हात घालून चाकू बाहेर काढू नका, आधी सांगा की आत घडीचा चाकू आहे, कशासाठी आहे ते सांगा, त्यांना काढू द्या.

वापरताना एवढं ध्यानात असू द्या की ह्यातल्या बहुतेक चाकूंना लॉक नसतं, पाठीवर दाब आला की पातं बोटांवर मिटतं. गुऱ्हाळावर गेलं की ऊस सोलायला खिशातला चाकू काढणारे खूप भेटतात, ऊस टणक, हात रसानं चिकट आणि पातं कांड्यावर अडकलं की माणूस पिळतो. उसाला कोयता आहे. डबा उचकटणं, स्क्रू फिरवणं, टोचून भोक पाडणं हे पण ह्या चाकूचं काम नाही.

८. चार जण जमल्यावर

बसायचं ते कुणाच्या तरी घरी. रंकाळ्यावर किंवा मिसळीच्या हॉटेलात टेबलावर दहा चाकू मांडले तर शेजारच्या टेबलवरच्या बायकापोरांना काय वाटेल ह्याचा विचार करा, त्यांना तुमचा छंद माहीत नसतो. तसंच चाकू हातात धरून रील बनवू नका, कोयत्याच्या रीलवर पोलीस कारवाई करतात हे आपण वाचतोच आणि बघणारा कोयता आणि पेनचाकू वेगळा करत बसत नाही. फोटो काढायचाच असेल तर कापडावर ठेवून.

दुसऱ्याचा चाकू हातात घ्यायच्या आधी विचारायचं, उघडायच्या आधी परत विचारायचं. देताना नेहमी मिटवून द्यायचा. समोरच्यानं पकडला असं तोंडानं म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. पात्याला बोट लावायचं नाही, घामाचा ठसा कार्बन पोलादावर एका रात्रीत गंज होऊन उठतो, चुकून लागलंच तर लपवू नका, तिथंच सांगून फडक्यानं पुसून द्या. मनगटाच्या झटक्यानं उघडू नका, मिटताना स्प्रिंगवर सोडून देऊन फटकन आपटू नका, तसं केलं की धार आत स्प्रिंगवर आदळते आणि मधोमध एक चपटा ठिपका पडतो. असा ठिपका दिसला की जाणकार लगेच ओळखतो की हा चाकू कसा हाताळला गेलाय. आणि "काका, जरा कागद कापून बघू का" हे विचारल्याशिवाय काहीही कापायचं नाही, मूळ धार असलेल्या चाकूवर तर विचारायचंसुद्धा नाही.

अदलाबदल किंवा विक्री करताना तुम्ही काय काय केलंय ते सगळं सांगा, पिन ठोकलीय, मूठ बदललीय, पातं घासलंय, सगळं. ह्यासाठी एक साधी वही पुरते, प्रत्येक चाकूला एक पान: शिक्क्यावरची अक्षरं जशीच्या तशी, पात्याची लांबी, मुठीचं मटेरियल, कुठनं घेतला, किती पडला, कुठलं तेल लावलं आणि कधी. पावती असेल तर त्याच पानाला डकवा, पुढं कुणी मालकी विचारली तर तीच दाखवायची आहे. आणि घेतानाचा फोटो साफसफाईच्या आधी काढा, नंतर नाही.